हातभर अंतरावरचा चेंडू

तांबरगी, तालुका औराद
चैत्र वद्य पंचमी, फसली १३४७

प्रिय विरू,

चांगली लांबलचक चार पानं लिहिलीस. त्यांत वारा आहे, वाळू आहे, नव्या बुटांनी चावल्याची तक्रार आहे, ऐन वेळेला कुणीतरी खोकल्याचं दुःखही आहे. फक्त तू कुठे सापडत नाहीस. त्या दिवशी माळावर, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत, हातभर अंतरावरचा चेंडू गोल्फच्या गलीत घालायचा राहिला तो जणू वाऱ्याच्याच हातून, आणि तू आपला बाजूला उभा राहून हळहळत होतास. शेवटी लिहितोस की, अक्का, माझ्या पटिंगमध्ये मुळात काय दोष आहे ते अप्पांच्या पद्धतीप्रमाणे सविस्तर लिहून कळव, आणि चन्नबसप्पा काकांनाही तेच वाचून दाखव. मी तुझं पत्र चुलीपुढे बसून वाचत होते. वाचून दाखव, इथवर आले आणि मला हसू फुटलं. तुझे दाजी विचारायला लागले, काय झालं. मी म्हटलं, विरूला दाखला पाहिजे. कसला दाखला, म्हणाले. म्हटलं, तो अडाणी असल्याचा.

झालं ते तुला ठाऊक आहे. पण तुझ्या चार पानांत ते कुठे दिसलं नाही, म्हणून माझ्याकडून वाच. रस्त्याच्या कामाचा कॅम्प आपल्या माळावर पडला आणि तू त्यात ओव्हरसियर होऊन आलास, तेव्हा गावाने तुझी मिरवणूक काढायची तेवढी बाकी ठेवली होती. मोठे साहेब हैदराबादचे. संध्याकाळी त्यांना करमेना, म्हणून माळावर गोल्फ आखलं गेलं. आपल्या तांबड्या मुरमात गवत कुठून उगवणार? तर चेंडू पाडायच्या प्रत्येक खड्ड्याभोवती, आपल्या भाषेत गलीभोवती, वाळू चाळून, तेल पाजून, दाबून गुळगुळीत चकत्या केल्या. साहेब लोक त्यांना ब्राऊन म्हणतात. त्या चकत्यांवरून गुरं जातात म्हणून साहेबांनी माळाला काटेरी तार ओढायला लावली, ती ओढून घेणारा ओव्हरसियर तू, आणि त्या तारेत झरीची वाट अडकली. जन्मभर आपण ज्या वाटेने पाणी आणलं ती वाट. मग बायका खदानीच्या कडेने वळसा घालून जायला लागल्या. ती कड तुला माहीत आहे. लहानपणी तिथं खेळायला गेलो की अव्वा आपल्याला उलथन्याने मारायची.

चन्नबसप्पा काका चार माणसं घेऊन साहेबांकडे गेले. तू मध्ये उभा राहून त्यांचं बोलणं साहेबांना समजावून देत होतास, आणि काकांनी रागाने म्हटलेलं तू विनंती करून सांगत होतास. साहेब त्या दिवशी खुशीत होते. म्हणाले, हमारे ओव्हरसियर साब भी खेलते हैं सुना, शेवटच्या गलीवर त्यांनी मला हरवलं तर तार काढून घेतो, वाट तुमची. काका घरी आले ते हसतच. गावात ज्याला त्याला वाटलं, काम झालं. शिवशंकरप्पाचा पोरगा, खळ्यावर ज्याचा चेंडू हातभरावरून कधी चुकला नाही तो पोरगा, आणि सुटलेलं पोट सांभाळत खेळणारे ते साहेब. पाणी पिण्याचा हक्क एका चेंडूवर टांगला जातोय, याची कुणाला लाज वाटली नाही. मलाही वाटली नाही. मी पण खुशीतच होते, कारण मला तुझा हात माहीत होता.

आता तुझा दोष. अप्पांनी शिकवलेलं सगळं विसरलो म्हणतोस, तर पहिल्यापासून घेऊ. अप्पा तरुणपणी बोलारमच्या छावणीत वैरण पुरवायचे आणि तिथल्या एका म्हाताऱ्या गोऱ्या डॉक्टरने त्यांना हा नाद लावला. निघताना त्याने चेंडू ढकलायची पितळी तोंडाची ती काठी, तो पटर, त्यांना भेट दिला. तो घेऊन अप्पा गावात उतरले तेव्हा लोकांना वाटलं, शिवशंकरप्पा छावणीतून चालायची काठी घेऊन आला आणि तीही वाकडी. सुगी उरकली की खळं फुकट घालवायचं नाही म्हणून ते पुन्हा सारवून घ्यायचे, मधोमध तांब्या पुरायचे आणि आपल्याला बोलवायचे. मोठ्या मैदानावर लांब लांब चेंडू मारतात ती नुसती ताकद, म्हणायचे, खरा खेळ शेवटच्या चार पावलांत आहे. मुलीला कशाला शिकवतोस असं आज्जी म्हणाली तेव्हा त्यांनी सरळ माझ्या हातात पटर दिला. तेवढ्या एका गोष्टीसाठी मी अप्पांना जन्मभर मानते.

उभं कसं राहायचं? पायांत खांद्यांइतकं अंतर, गुडघे थोडे सैल, अंगाचा भार दोन्ही तळव्यांवर सारखा. यात बुटांचा काय संबंध? बूट चावत असतील तर माणूस लंगडतो, त्याने चेंडू लंगडत नाही. डोळे चेंडूच्या बरोबर वर. अप्पा आपल्याला दोन भुवयांच्या मधून चिंचोका सोडायला लावायचे, तो सरळ चेंडूवर पडला पाहिजे. बाजूला पडला तर डोळे बाजूला आहेत, मग सरळ रेघही तिरकी दिसणार आणि तुम्ही तिरकं मारून सरळ मारलं म्हणणार. तू लिहितोस की त्या दिवशी रेघ तिरकी दिसली. विरू, आपल्या दोघांत चिंचोका बाजूला पडायचा तो माझा. तुझा कधीच नाही. अप्पा मला त्यावरून चिडवायचे आणि तू खळ्याच्या कडेला बसून टाळ्या पिटायचास.

पटर धरायचा कसा, तर पेटती पणती अंगणातून नेतो तसा. घट्ट धरली तर हात थरथरतो आणि तेल सांडतं, सैल धरली तर पणतीच पडते. बोटांना घाम सुटला होता असं तू लिहितोस. सुटला असेल, पण त्याचं कारण उन्हात शोधू नकोस. मनगटाला काही काम द्यायचं नाही, हा अप्पांचा सगळ्यात मोठा नेम. मनगट हुशार असतं, त्याला फार काही करावंसं वाटतं, म्हणून त्याला झोपवून ठेवायचं. खांदे हलतील, त्यांच्याबरोबर हात हलतील, हातांबरोबर पटर, पाळणा हलतो तसा, मागे जितका तितकाच पुढे. चेंडूपाशी येऊन पाळणा थांबत नाही. जे लोक शेवटच्या क्षणी कचरतात आणि हात आखडतात, त्यांचाच चेंडू वळतो. आणि आधी वेग बघायचा, मग रेघ. चेंडू गलीच्या अलीकडे थांबला तर ती रेघ कितीही सुरेख असो, काही उपयोगाची नाही. वाळूवर चेंडू जड चालतो, म्हणून वाळूला पायाने अंदाज घ्यायचा, आधी एकदा हात फिरवून बघायचा. आणि मारल्यावर मान वर करायची नाही. कानाने बघा, म्हणायचे अप्पा. तांब्यात चेंडू पडल्याचा आवाज आला की मग मान उचला, आवाज नाही आला तर बघून तरी काय करणार? आपण दोघं मान खाली घालून त्या टणत्काराची वाट बघत उभे राहायचो आणि आपल्या मागे, तुला अंगाखांद्यावर वाढवलेली यल्लम्मा हसायची, म्हणायची, ही दोघं पोरं तांब्याची पूजा करायलीत.

एवढंच आहे सगळं. दहा वर्षांच्या पोरीला समजेल असं. यातला कुठला नेम तू मोडलास ते मी तुला सांगू शकते, कारण मी तारेला धरून उभी होते. तुझ्या डाव्या हाताला, बाभळीपाशी, बायकांमध्ये. तू तिकडे एकदाही बघितलं नाहीस, म्हणून तुला वाटलं असेल की तिकडूनही काही दिसत नाही.

साहेबांचा चेंडू गलीपासून लांब राहिला होता आणि त्यांनी तो दोन वेळा मारूनही घातला नव्हता. तुझा हातभरावर. तू घातलास की संपलं. साहेबांनी टोपी काढून हातात घेतली, हरल्यावर घेतात तशी, आणि तारेच्या कामावरच्या मुकादमाकडे बघून काहीतरी म्हणाले. ते शब्द पाळणार होते, विरू. ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. त्यांनी तुला डोळा मारला नाही, दम दिला नाही, आदल्या दिवशी बोलावून काही सुचवलंही नसणार. सुचवलं असतं तर तू मला सांगितलं असतंस आणि रडला असतास, एवढा मी तुला ओळखते. तुला कुणी काही सांगितलं नव्हतं. तुझं तूच ठरवलंस. मागणाऱ्याने मागावं आणि आपण द्यावं, एवढीही वेळ तू त्या माणसावर येऊ दिली नाहीस.

आता ऐक तू काय केलंस. पाय बरोबर होते. बोटं बरोबर होती. चिंचोका सोडला असता तर चेंडूवरच पडला असता. मग तू क्षणभर थांबलास, आणि मुंबईहून मागवलेल्या तुझ्या पटरचं लोखंडी तोंड बाहेरच्या बाजूला वळवलंस. केवढंसं? नखाएवढं. खळ्यावर शिकलेल्या माणसालाच कळावं, इतकंच. मग पाळणा हलला, मागे जितका तितकाच पुढे, मनगट झोपलेलं, कुठे कचरणं नाही, आणि चेंडू पटरच्या तोंडाने ज्या बाजूला बघितलं त्या बाजूला सरळ, अगदी सरळ निघून गेला. इतका सुरेख चेंडू मी तुझ्या हातून किती वर्षांत बघितला नव्हता. चुकणारा माणूस असा चुकत नाही. चुकणाऱ्याचा हात कापतो, चेंडू वेडावाकडा जातो, आणि तो माणूस येड्यासारखा चेंडूकडे बघत राहतो. तू चेंडूकडे बघितलंच नाहीस. मान वर केलीस आणि साहेबांच्या चेहऱ्याकडे बघितलंस. आवडलं का, असं विचारणारा तो चेहरा होता तुझा. जेवण वाढून झालं की आचारी बघतो ना पंगतीकडे, तसा.

साहेबही चकित झाले होते. नंतर त्यांना समजलं असावं, कारण ते हसले आणि तुझ्या पाठीवर थाप मारली. मग त्यांनी आपला चेंडू तुझ्या आधी घातला आणि वाट तशीच अडकून राहिली. पुढच्या महिन्यात तुला हैदराबादच्या कचेरीत बढती मिळाली, आणि तू गावात पेढे वाटलेस. दारोदार जाऊन वाटलेस. मी माझा पेढा म्हशीपुढे टाकला. म्हैस बिचारी, तिला काय माहीत.

आणि गाव काय म्हणालं, तेही ऐक. तुला वाटत असेल, लोकांनी तुला शिव्या दिल्या. तेवढी अक्कल इथं कुणाला आहे? सगळे पुरुष निंबाखाली बसले आणि त्यांनी तुझ्यासाठी वारा शोधून काढला. एकजण म्हणाला, नेमका खालून वारा सुटला. दुसरा म्हणाला, वाळूचा खडा आडवा आला. ज्यांनी आयुष्यात पटर हातात धरला नाही ते हात हलवून एकमेकांना दाखवत होते की असं व्हायचं ते तसं झालं. तुझ्या पत्रातली चारही पानं त्या निंबाखालचीच आहेत, फक्त तू ती चांगल्या कागदावर उतरवलीस. काका एकटे मान खाली घालून सुपारी कातरत होते. त्यांना माहीत आहे का, मी विचारलं नाही. आणि मी कुणाला सांगितलं नाही. तुझी लाज राखायला नव्हे. यल्लम्मामुळे.

तुझ्या जन्मानंतर अव्वा तापाने पडून होती तेव्हा यल्लम्माने तुला दूध पाजलं, हे तुला आम्ही इतक्या वेळा सांगितलंय की तुला त्याचा कंटाळा आला असेल. तिचं स्वतःचं पोर पुढे वारलं, नवरा गेला, आणि तिचं म्हणून जगात जे काही उरलं ते तू. निंबाखाली वाऱ्याची चर्चा चालली तेव्हा ती डोक्यावर घागर घेऊन तिथे उभी राहिली आणि म्हणाली, पोरगं हाय ते. चुकलं. चुकत न्हाई असं कोण हाय इथं? मी घरी आल्यावर तोंड फुगवून बसले तर माझ्यावरच ओरडली. म्हणाली, तू कामून त्याच्या नावानं कुढायलीस? धाकटा भाऊ हाय तुझा. हात कापला त्याचा. एवढ्या मान्सात उभं राहून बघ म्हंजे कळंल तुला. तू मुद्दाम चुकवलंस हे मी तिला सांगितलं असतं, तर तिने माझ्यावर विश्वास ठेवला नसता, आणि ठेवला असता तर त्याहून वाईट.

पण तिचं ते बोलणं मला लागलं. एवढ्या माणसांत उभं राहून बघ. म्हणून मी उभी राहिले. हे तुला कुणी कळवलं नसणार. तू हैदराबादला गेल्यावर एका संध्याकाळी मी अप्पांचा पितळी पटर घेतला, यल्लम्माला बरोबर घेतलं आणि तारेच्या फाटकातून सरळ आत गेले. साहेब शेवटच्या गलीपाशीच होते, बरोबर त्यांचे दोन पाहुणे. शिपाई धावला, त्याला साहेबांनीच थांबवलं. मी म्हटलं, साहब, मेरे भाई का हाथ कांप गया था. मैं भी उसी बाप की हूं. वोच गोली, वोच जगा, एक बार मेरेकू मारने दो. पाहुणे हसले. साहेबांनी हसून पटर हातात घेऊन बघितला, कुठून आणला विचारलं, मग म्हणाले, हौ, क्यों नहीं. आणि वाटेचं? मी विचारलं. ते म्हणाले, वादा तो वादा.

विरू, मी जागा निवडली ती तुझीच. पाय, बोटं, डोळे सगळं जागच्या जागी होतं. चिंचोक्याची मला सर्वांत भीती, तर चिंचोकाही चेंडूवर पडला असता. मान मी वर केली नाही. आवाजाची वाट बघत राहिले. आवाज आला नाही. चेंडू बरोबर रेघेवर गेला आणि गलीच्या काठावर येऊन थांबला, आत डोकावल्यासारखा. वाळूला त्याच दिवशी ताजं तेल पाजलं होतं, ती जड झाली होती, आणि मी तिच्यावर एकदाही पाऊल घासून बघितलं नव्हतं. खळ्याच्या अंदाजाने मारलं. अप्पांनी सांगितलेला अगदी साधा नेम, आणि मी, तुला नेम शिकवणारी, तोच विसरले. साहेब शाबाश म्हणाले. एक नवा पांढराशुभ्र चेंडू बक्षीस म्हणून पुढे केला. मी तो घेतला नाही. यल्लम्मा परत येताना वाटभर माझा दंड धरून चालत होती आणि म्हणत होती, बघ, सांगत हुते न्हाई? हात कापतोच.

तेव्हा दोष म्हणजे काय, तो कसा असतो आणि रात्री पाठ टेकली की कसा टोचतो, हे मला आता चांगलं माहीत आहे. तू मागितलेला दाखला मी नक्कीच लिहू शकते, पण तो माझ्या नावाने लिहावा लागेल. चुकणं काय असतं ते तुला माहीतच नाही. तुझ्या हातात एवढी विद्या आहे की तू पाहिजे तिथे चेंडू पाठवू शकतोस, आणि एवढी विद्या असलेल्या माणसाने तो कुठे पाठवला, तर एका पोट सुटलेल्या साहेबाच्या समाधानासाठी वाळूत. अप्पा गेले ते बरं झालं असं मी कधी म्हणेन असं वाटलं नव्हतं.

त्यानंतर महिनाभरात यल्लम्मा खदानीच्या कडेवरून पडली. भर सकाळी, भरली घागर घेऊन. खुब्याचं हाड मोडलं. तिला खाटेवर घालून गावात आणली तेव्हा निंबाखालचे सगळे उभे राहिले, आणि पहिल्यांदाच कुणी वाऱ्याबद्दल बोललं नाही. चन्नबसप्पा काका उठले, घरात गेले, पहार घेऊन बाहेर आले आणि माळाच्या वाटेला लागले. त्यांच्यामागून तुझे दाजी, मग एकेक करून सगळे. उघड्या उन्हात, कॅम्पच्या डोळ्यांसमोर त्यांनी खांब उपटले आणि तार गुंडाळून साहेबांच्या तंबूपुढे नेऊन ठेवली. काका साहेबांना एवढंच म्हणाले की, वाट आमची आहे, खेळ तुमचा आहे, तुम्ही वाट सोडून खेळा. आणि काय झालं असेल? काही नाही. साहेबांना रस्त्यासाठी गावाच्या गाड्या पाहिजेत, माणसं पाहिजेत. त्यांनी तार आत नेऊन ठेवायला सांगितली. दुसऱ्या दिवसापासून बायका ब्राऊनच्या कडेकडेने पाणी आणायला लागल्या आणि साहेब त्या जाईपर्यंत पटर टेकून उभे राहायला लागले. एवढंच होतं ते सगळं. कुणी कुणाशी खेळायची गरज नव्हती, तू जिंकायची गरज नव्हती आणि हरायचीही नव्हती. तू जे विकलंस त्याला त्या बाजारात कुणी गिऱ्हाईकच नव्हतं, हे मला सगळ्यात हसण्यासारखं वाटतं. पण हसू येत नाही.

हे पत्र टपालाने आलेलं नाही, हे पाकिटावर तिकीट नाही त्यावरून तुला कळलं असेल. चन्नबसप्पा काकांनी बीदरहून गाडीने यल्लम्माला आणून तुझ्या ओसरीवर सोडलं आहे. ते स्वतः आत यायचे नाहीत, आग्रह करू नकोस. बीदरच्या डॉक्टरने सांगितलंय की काठीशिवाय ती आता चालणार नाही, आणि आपल्या गावात काठीने चालणाऱ्या एकट्या बाईचं कसं होतं ते तुला माहीत आहे. मी तिला ठेवून घेतलं असतं, तुझे दाजी तर दोनदा म्हणाले. पण मी तिला सांगितलं की विरूने तुला कायमची राहायला बोलावलंय. ते ऐकून ती कशी हसली ते मी तुला लिहिणार नाही. तिला वाचता येत नाही, तेव्हा या पत्रात काय आहे ते ती तुलाच विचारेल. अक्काने काय लिहिलंय वाचून दाखव, म्हणेल. वाऱ्याचं सांगितलंस तरी ती विश्वास ठेवेल, आज ठेवेल, उद्या ठेवेल, तुझ्या घरात तिचा शेवटचा दिवस उजाडेल तेव्हाही ठेवेल. माझ्याकडून तिला काही कळणार नाही, त्याची काळजी नको. काय वाचून दाखवायचं ते तुझं तू बघ. तिला खाली बसता येत नाही, म्हणून पाट मांडू नकोस, उंच काहीतरी दे. प्रवासात ती काही खात नाही. शिपायाला सांगू नकोस, तुझ्या हाताने वाढ, ती जेवेपर्यंत समोर बस, आणि मग बोल.

तुझीच, काही झालं तरी तुझीच,
गौरक्का